देठावरचे खवले

नेच्याला फूल नसतं, फळ नसतं, बी नसतं. त्यामुळे मुद्दाम त्याच्याकडे बघायला कोणी जात नाही, आणि गेलंच तर वरून नजर टाकून परत येतं. कांताबाई ओव्हाळ मात्र एकोणतीस वर्षं नेचे उलटे करून बघत आल्या. पुण्यातल्या एका जुन्या महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहालयात त्या शिपाई म्हणून लागल्या. वाळलेल्या वनस्पती कागदावर लावण्याचं काम दुसरं कोणी घेईना म्हणून ते त्यांच्या गळ्यात पडलं, आणि मग सुटलंच नाही. निवृत्तीला तीन आठवडे उरले होते, तेव्हाची ही हकिकत.

लावणं म्हणजे चिकटवणं, असं ज्यांना वाटतं त्यांनी ते कधी केलेलं नसतं. वनस्पती वर्तमानपत्रात दाबून, वाळून आलेली असते. जाड पांढऱ्या कागदावर ती अशी मांडायची की शंभर वर्षांनी कोणी कपाट उघडलं तर त्याला झाड ओळखता आलं पाहिजे. आता रानात मोठा नेचा म्हणून जो असतो त्याचं पान माणसाच्या कमरेला लागतं आणि कागद असतो हातभर. मग पान दोनतीन ठिकाणी दुमडायचं, आणि दुमडताना एक भाग सुलटा, एक भाग उलटा राहील असं बघायचं, कारण नेच्याची अर्धी ओळख त्याच्या पाठीवर असते. देठ जाड असेल तर गोंद पुरत नाही, पांढऱ्या दोऱ्याचे टाके घालावे लागतात. कांताबाईंचे टाके इतके बारीक असत की बाहेरगावचे संशोधक ते भिंगातून बघत. कौतुक मात्र नेच्याचं करून जात.

कागदाच्या कोपऱ्यात चिठ्ठी असते. वनस्पतीचं नाव, कुठे मिळाली, कधी मिळाली, कोणी आणली, कोणी ओळखली. पुढे कोणाला ते नाव चुकीचं वाटलं, तर जुनी चिठ्ठी काढायची नाही, तिच्यावर रेघही मारायची नाही. शेजारी नवी चिठ्ठी लावायची आणि खाली स्वतःचं नाव आणि तारीख घालायची. दुसऱ्याची चूक दाखवून द्यायला पुण्यात माणसं कधी कमी पडली नाहीत, त्यामुळे काही कागदांवर चारचार चिठ्ठ्या एकमेकींकडे तोंड फिरवून बसलेल्या असत. कांताबाईंनी अशा हजारो चिठ्ठ्या लावल्या होत्या. लिहिली एकही नव्हती. लिहायला पदवी लागते, लावायला गोंद पुरतो.

हे काम त्यांना शिकवलं सरोजिनी मेहेंदळे यांनी. त्या महाविद्यालयाच्या पगारावर नव्हत्या. त्यांचे यजमान श्रीनिवास मेहेंदळे वनस्पतिशास्त्राचे विभागप्रमुख होते, आणि सरोजिनीबाई पायात कॅनव्हासचे बूट घालून, वनस्पती दाबायच्या फळ्या पाठीला बांधून डोंगर पालथे घालत. संग्रहातले नेचे निम्म्याहून जास्त त्यांनी आणलेले. चिठ्ठीवर मात्र छापलेलं असे, ‘संकलन: एस. मेहेंदळे’. नवराबायकोचं आद्याक्षर एकच, आणि बघणारे ते सरांचंच समजत. कांताबाईंनी एकदा हे बोलून दाखवलं तर सरोजिनीबाई म्हणाल्या होत्या, की घरात एक एस. पुरतो, शाई वाचते. हसून म्हणाल्या होत्या, पण त्यांना ते लागत असणार, असं कांताबाईंना तेव्हाही वाटलं.

कांताबाई त्यांना मॅडम म्हणत. नोकरीला लागून पाच महिने झाले होते. सातवी शिकलेल्या, येरवड्याच्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्या बाईला नेचा कसा ओळखायचा हे शिकवण्याची तशी काही गरज नव्हती. मॅडमना ती वाटली. त्या म्हणत, आधी झाड उभं कसं आहे ते बघ. मोठ्या नेच्याची सगळी पानं एकाच बुंध्यातून गोल उठतात आणि टोपलीसारखी बाहेर झुकतात. मग पान बघ, ते एकदा चिरलेलं आहे की चिरलेल्या पाकळ्याही पुन्हा चिरलेल्या आहेत. मग उलटं कर. पाठीवर तपकिरी ठिपक्यांच्या रांगा असतात, त्या गोल आहेत की रेघेसारख्या लांबट. ठिपका गोल असेल तर त्यावर इवलंसं झाकण असतं, काजूच्या आकाराचं, ते भिंगाखाली शोध. चौथी गोष्ट देठाच्या तळाशी बघायची असते, पण ती दाखवायला त्या दिवशी हाताशी पूर्ण पान नव्हतं. ती पुढच्या आठवड्यात दाखवते म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात त्या वेल्ह्याच्या बाजूला एका देवराईत गेल्या. परत आल्या त्या अंगात ताप घेऊन, आणि दोन दिवसांत त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. कांताबाई भेटायला गेल्या तर त्यांना स्वतःच्या दुखण्याची चिंता नव्हती. फळ्यांमध्ये मोठ्या नेच्याचं एकच पान राहिलंय, हवा दमट आहे, बुरशी धरेल, एवढंच त्यांचं चाललेलं. म्हणाल्या, “कांता, माती झटक आणि लावून टाक.”

कांताबाईंनी दुसऱ्या दिवशी फळ्या सोडल्या. पान सुरेख होतं, तळापासून अख्खं. फक्त देठाच्या खालच्या वीतभर भागावर काहीतरी तपकिरी, पापुद्र्यापापुद्र्यांचं दाट चिकटलेलं होतं. झटकून पाहिलं, पडेना. कांताबाईंना वाटलं माती वाळून बसलीय, वर बुरशीही धरलीय. ज्या बाईच्या घरात स्टोव्हचा बर्नरसुद्धा चकचकीत असायचा, तिला ते तसं लावणं शक्य नव्हतं. त्यांनी घरून बर्नर घासायचा जुना टूथब्रश आणला. ओलं फडकं घेतलं. पानाला धक्का न लावता तासभर बसून तो देठ असा घासला, की आतून हिरवट पिवळा, स्वच्छ देठ निघाला. खाली पडलेला केर सुपलीत भरून टोपलीत टाकला. मग टाके घातले. आयुष्यात त्यांनी इतकं मन लावून दुसरं काही केलं नव्हतं. मॅडम येतील आणि बघतील, असं त्यांच्या मनात होतं.

मॅडम आल्या नाहीत. नवव्या दिवशी त्या दवाखान्यातच गेल्या, आणि वैकुंठ स्मशानभूमीत त्यांना निरोप द्यायला महाविद्यालयातले सगळे गेले, कांताबाईही गेल्या, मागे उभ्या राहिल्या.

सरांनी तो कागद चार महिन्यांनी पाहिला. पान सगळं नेहमीच्या मोठ्या नेच्याचं. ठिपके तेच, काजूच्या आकाराची झाकणं तीच. पण मोठ्या नेच्याच्या देठाचा तळ दाट तपकिरी खवल्यांनी झाकलेला असतो, आणि ह्याचा उघडा. हात फिरवला तर थोडा खरखरीत, बस. सर दोन दिवस त्या कागदासमोरून हलले नाहीत. मग त्यांनी देशोदेशी पत्रं घातली, तुलना केल्या, आणि शेवटी एका शास्त्रीय नियतकालिकात ही नवी जाती म्हणून छापली. वेगळेपण काय, तर देठाच्या तळाला खवले नाहीत, पृष्ठभाग सूक्ष्म खरखरीत. नाव दिलं बायकोचं. लॅटिनच्या रिवाजाप्रमाणे ‘सरोजिनीए’. एस. नाही, अख्खं नाव. आयुष्यभर डोंगर चढलेल्या बाईचं नाव छापून आलेलं ते पहिल्यांदाच, आणि ते बघायला ती नव्हती.

ती खरखर म्हणजे उपटलेल्या खवल्यांची मुळं होती, हे कळायला कांताबाईंना अजून दोन वर्षं लागली. सर संग्रहालयात मुलांना घेऊन आले होते. हातात ताजा नेचा. कांताबाई कोपऱ्यात स्टुलावर टाके घालत बसलेल्या. सर म्हणाले, की शहरातल्या मुलांना ही घाण वाटते, पण हे खवले आहेत, कोवळ्या गुंडाळीचं रक्षण करायला आलेले आणि मग देठावर राहिलेले. मोठ्या नेच्याचं रेशनकार्ड इथे असतं, ते फाडू नका. मुलं हसली. सर पुढे म्हणाले, “आमच्या नेच्याला हे नसतात.” आमच्या म्हणताना त्यांचा आवाज जरा हळू झाला.

कांताबाईंची सुई बोटात शिरली. त्या उठून मागच्या नळाशी गेल्या आणि वर्ग सुटेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. पाण्याखाली हात धरला होता, आणि त्यांना इतकी भीती वाटत होती की बोटातून रक्त येतंय की नाही हेही कळत नव्हतं.

तेव्हाच बोलायला हवं होतं. त्यांना ते माहीत होतं, आणि आपणही ते त्यांच्या बाजूने झाकायचं कारण नाही. आधी नोकरी जाईल म्हणून गप्प बसल्या. नोकरी कायम झाली तेव्हा ते कारण उरलं नाही, तर सरांचा चेहरा आडवा आला. दरवर्षी पाऊस ओसरला की सर एकटे त्या देवराईत जात, तोच उघड्या देठाचा नेचा शोधायला. सोमवारी संग्रहालयात येत, बुटांना चिखल असे, आणि कांताबाईंनी न विचारताच सांगत, नाही दिसला. अशी बारा वर्षं. दर वर्षी कांताबाई ठरवत की ह्या सोमवारी सांगायचं, आणि दर वर्षी चहा पुढे करत. त्यांच्या वस्तीतल्या विहारात पौर्णिमेला सगळे मिळून पंचशील म्हणतात. चौथं शील खोटं न बोलण्याचं. तिथे आलं की कांताबाईंचा आवाज शेजारणीच्या आवाजाखाली जाई. खोटं तर आपण बोललेलोच नाही, असंही त्या स्वतःला समजावून बघत. मन समजत नसे.

आणि मग चैताली आली. पीएच.डी. करणारी, बारीक चणीची, पायात चांगले बूट, बोलणं अर्धं इंग्रजी. कांताबाईंना मावशी म्हणायची आणि डबा त्यांच्याबरोबर खायची. तिचा विषय ह्या भागातले मोठे नेचे, आणि त्यातही मुख्य शोध सरोजिनीएचा. दोन वर्षं ती त्या देवराईचे ओढे तुडवत होती. एका दुपारी तिने लॅपटॉप फिरवून कांताबाईंना लिहिलेलं वाचून दाखवलं. संग्रहातल्या एकमेव नमुन्यानंतर ही जाती कुठेही आढळलेली नाही, ती नामशेष झाली असं मानावं लागतं. आठवडाभरात हे छापायला पाठवायचं होतं. “मावशी, इट्स सो सॅड ना,” चैताली म्हणाली. “एकच पान उरलंय त्याचं जगात.”

कांताबाईंच्या हातातला घास हातात राहिला. आजवर चूक एका कागदावर होती. आता ती पुस्तकात जाणार, सरकारी याद्यांत जाणार, शाळेतली मुलं तिच्यावर निबंध लिहिणार. जे झाड कधी जन्माला आलंच नव्हतं, त्याचं सुतक सगळ्यांनी धरायचं. आणि मॅडमनी खुडलेला खरा नेचा ओढ्याकाठी जिवंत असताना. त्यांना स्वतःचा असा राग आला की त्यांनी डबा बंद केला. चैतालीला मात्र त्या दिवशी काही सांगितलं नाही. आधी ऐकण्याचा हक्क सरांचा होता.

सर आता चौऱ्याऐंशीचे. एरंडवण्यात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत एकटे राहतात. नजरेचा मधला भाग गेलेला, कडेचं तेवढं दिसतं, त्यामुळे समोरच्या माणसाशी बोलताना ते त्याच्या खांद्याकडे बघतात. कांताबाई त्यांच्या घरी गेल्या, पण बसल्या नाहीत. वाटेत बसमध्ये जुळवलेली वाक्यं जिन्यातच विसरली होती.

“सर, मॅडमच्या नेच्याला खवले होते. मी काढले.”

सरांनी विचारलं, “कशाने?”

कांताबाईंनी टूथब्रश सांगितला, ओलं फडकं सांगितलं, मॅडम काय म्हणाल्या होत्या ते सांगितलं. किती वेळ, असं त्यांनी विचारलं. तासभर, त्या म्हणाल्या. सर मान हलवत राहिले. इतका स्वच्छ देठ निसर्गात नसतो हे आपल्याला सुचायला हवं होतं, असं काहीसं ते पुटपुटले. मग त्यांनी विचारलं, की हे तुम्हाला कधीपासून माहीत आहे. कांताबाईंनी खरं ते सांगितलं. सव्वीस वर्षं.

तोवर सर शांत होते. हे ऐकलं आणि त्यांचा चेहरा बदलला. ते उठले, भिंत धरत दारापर्यंत गेले, दार उघडलं आणि म्हणाले, “या आता.”

खरं बोललं की मोकळं वाटतं म्हणतात. कांताबाईंना तसलं काही वाटलं नाही. आपल्या डोक्यावरचं ओझं एका म्हाताऱ्या माणसाच्या डोक्यावर ठेवून आपण जिना उतरलो, असं वाटलं. येरवड्याच्या दोन बस त्यांनी तशाच जाऊ दिल्या. घरी नवऱ्याला, रामदासना, पहिल्यांदाच सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, आता शेवटच्या दिवसांत मेमो देतील काय. कांताबाई म्हणाल्या, दिला तर बरं होईल.

दुसऱ्या दिवशी चैतालीला सांगितलं. ती ओरडली नाही. लॅपटॉप बंद केला आणि म्हणाली, “मावशी, दोन वर्षं.” त्यानंतर चार दिवस ती डबा खायला आली नाही. आठवडाभर संग्रहालयात कपाटांची दारं सोडून कोणी बोललं नाही.

मग सरांचा फोन आला. महाविद्यालयाच्या फोनवर, कांताबाईंसाठी. आवाज नेहमीसारखा कोरडा. म्हणाले, चैतालीला सांगा, मॅडमच्या चिठ्ठीवर जी जागा लिहिलीय तिथून मोठ्या नेच्याचं एक अख्खं पान आणायचं, तळापासून. धुवायचं नाही, झटकायचंही नाही. आणि तुम्ही तो कागद घेऊन माझ्याकडे या. कांताबाईंनी घसा साफ केला आणि सांगितलं, की मूळ नमुना आहे तो, इमारतीबाहेर जात नाही. “बरोबर आहे,” सर म्हणाले. “नियम मीच केलाय. मीच येतो.”

चैताली पहाटेच्या एसटीने स्वारगेटहून गेली आणि सायंकाळी ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं पान घेऊन आली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनेच सरांना तीन मजले उतरवून रिक्षाने आणलं. संग्रहालयातल्या लांब टेबलावर कांताबाईंनी एका बाजूला जुना कागद ठेवला, दुसऱ्या बाजूला ताजं पान पसरलं. सरांना खुर्ची दिली. त्यांनी डोळ्यांचा नाद सोडला आणि हात पुढे केला.

वर्ग घ्यावा तसे ते बोलत होते, पण हळू. पानाच्या टोकापासून बोटं खाली आणत म्हणाले, दोनदा चिरलेलं आहे, बरोबर. खालच्या पाकळ्या थोड्या आखूड, बरोबर. पान उलटं करून त्यांनी अंगठ्याने पाठ चाचपली. ठिपके गोल, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना रांगेत. झाकणं तू बघ, चैतालीला म्हणाले. तिने भिंग लावलं, काजूच्या आकाराची, सर. देठ वरून कापायला सांगितला. कापलेल्या तोंडावर आत गर्द ठिपक्यांचं कडं होतं, मोठ्या नेच्याला असतं तसं. मग त्यांची बोटं देठावरून खाली तळाकडे निघाली आणि खवल्यांपाशी थांबली. कोरडे, कागदासारखे, एकमेकांवर चढलेले. सरांनी ते उलट्या दिशेने एकदा चाचपले.

चैतालीने चिमट्याने त्या देठाच्या एका बाजूचे चारपाच खवले अलगद काढले. प्रत्येकाच्या जागी एक बारीक उंचवटा राहिला. मग तिने जुना कागद भिंगाखाली घेतला. कांताबाईंच्या टाक्यांच्या मधल्या उघड्या देठावर तेच उंचवटे होते, तितक्याच अंतरावर. दोनदा बघितलं तिने, तिसऱ्यांदाही बघितलं. “सेम आहे, सर,” ती म्हणाली, आणि मग मराठीतही म्हणाली, “एकच आहे.”

सरांनी चिठ्ठी लिहायला सांगितली. चैतालीने पेन उघडलं. तू नाही, ते म्हणाले, कांताबाई लिहितील. कांताबाई मागे सरल्या. हस्ताक्षर चांगलं नाही म्हणाल्या, आपला तो अधिकार नाही म्हणाल्या, सरांनीच सही करावी म्हणाल्या.

“खवले मी काढलेले नाहीत,” सर म्हणाले. “चैतालीनेही काढलेले नाहीत. दुसऱ्याच्या कामाखाली सही करायची पद्धत या खोलीत नाही.”

हे रागाने म्हटलं की मानाने, ते कांताबाईंना कळलं नाही. दोन्ही असावं. त्या स्टुलावर बसल्या आणि सर सांगतील तसं लिहीत गेल्या. हा नेचा वेगळा नाही, नेहमीचा मोठा नेचा आहे. देठाच्या तळाचे खवले कागदावर लावताना घासून काढले गेले. सरोजिनीए हे नाव ह्यापुढे वेगळ्या जातीचं नव्हे, ह्याच नेच्याचं दुसरं नाव म्हणून लिहिलं जाईल. एकदा छापलेलं नाव पुसलं जात नाही, ते खऱ्या नावाखाली राहतं, एवढं सरांनी मध्येच चैतालीकडे तोंड करून सांगितलं, पण ते तिला माहीत होतंच. शेवटी कांताबाईंनी नाव घातलं, कांता रामदास ओव्हाळ, तारीख घातली, आणि जुन्या चिठ्ठीला धक्का न लावता तिच्या शेजारी गोंदाने लावली. एक कड किंचित वाकडी बसली. सरळ करायला गेल्या तर गोंद वाळला होता.

चैताली पान गोणपाटात बांधू लागली. सरांनी तिला विचारलं, ओढ्याला असे किती आहेत. ती म्हणाली, मोजता येणार नाहीत, सर. दोन्ही काठांनी आहेत, वर कड्यापर्यंत. आत शिरायला वाटच ठेवत नाहीत.

“हो,” सर म्हणाले. “बारा वर्षं मी काठीने ते बाजूला सारत होतो. पुढे कुठेतरी तिचा नेचा असेल म्हणून.”

सरांनी मान वळवली, कांताबाई जिथे उभ्या आहेत असं त्यांना वाटलं तिकडे.

“तुम्ही तेव्हा बोलला असतात, तर मी थांबलो असतो हो. नुसता उभा राहिलो असतो त्यांच्यात.”

“हो सर,” कांताबाई म्हणाल्या.